धुराचा काटा कुणाच्या हातात?

ऊसतोड सुरू झाली की कोल्हापूर-सांगली पट्ट्यात एक भांडण ठरलेलं. काट्याचं. ऊस शेतकऱ्याचा, काटा कारखान्याचा, पावती फाडणारा माणूसही कारखान्याचाच. मग कुणी वाटेतल्या खासगी काट्यावर गाडी चढवून आधी वजन करून घेतो आणि नंतर दोन पावत्या शेजारी शेजारी धरून बसतो. कुणी वैधमापन खात्याच्या भरारी पथकाला फोन लावतो. प्रकरण चिघळलंच तर संघटनेची पोरं काट्यावर ठिय्या मारतात. वजनाचं मिटलं की उताऱ्याचं, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली त्याचं निघतं, कारण एफआरपी, म्हणजे उसाचा कायद्यानं ठरलेला किमान भाव, उताऱ्यावर ठरते आणि उतारा काढणारी प्रयोगशाळा पुन्हा कारखान्याचीच. सगळे कारखाने काटा मारतात असं कुणीच म्हणत नाही. म्हणणं इतकंच, की ज्याच्या खिशातून पैसे जायचे आहेत त्याच्या एकट्याच्या हातात काटा देऊ नये. दिलाच, तर दुसऱ्याला कधीही येऊन तपासता आला पाहिजे.

धुराच्या बाबतीत मात्र आपण हा न्याय बिनबोभाट सोडून देतो. धूर कुणाला विकत घ्यायचा नसतो, म्हणून असेल.

विषय आहे तेल आणि नैसर्गिक वायूच्या विहिरी खोदणाऱ्या यंत्रसामग्रीचा. तिच्या इंजिनांतून, टाक्यांतून, व्हॉल्व्हांतून आणि नको असलेला वायू जाळणाऱ्या ज्योतींतून हवेत काय जातं, किती जातं, आणि ते मोजतं कोण? कोल्हापुरात हा विषय काढला की समोरून पहिला प्रश्न येतो, "आपल्याकडं तेलाची विहीर हाय कुठं?" रास्त प्रश्न आहे. तेलाच्या विहिरी आसामात दिग्बोईला, गुजरातेत मेहसाणा-अंकलेश्वरला, समुद्रात मुंबई हायला. आपल्याकडे ऊस, फाउंड्री आणि म्हशी.

पण वायू आपल्याकडे येतो. दाभोळहून बेंगळुरूला जाणारी, गेल या सरकारी कंपनीची वायुवाहिनी २०१३ साली सुरू झाली, ती आपल्या जिल्ह्यातून जाते. शहरात आणि आसपास जो पाइपचा गॅस आणि सीएनजी मिळतो त्याचं काम एचपीऑइल गॅस या कंपनीकडे आहे. हिंदुस्थान पेट्रोलियम आणि ऑइल इंडिया यांची ती भागीदारी. दाभोळच्या टर्मिनलवर जहाजानं द्रवरूप वायू उतरतो, आणि मार्च २०१८ मध्ये तिथं अमेरिकेतल्या लुइझियानातल्या साबाइन पासहून गेलच्या दीर्घकालीन करारातलं पहिलं जहाज लागलं. त्या वायूत खडक फोडून काढलेला शेल गॅसही असतो. म्हणजे टेक्सास-लुइझियानाकडं कुठंतरी एक रिग, म्हणजे विहीर खोदणारं यंत्र, उभा राहतो, आठ-दहा हजार फूट भोक पाडतो, आणि त्या भोकातला थोडा वायू कधी ना कधी फिरत फिरत आपल्या रिक्षाच्या टाकीत किंवा गॅसच्या शेगडीत येऊ शकतो. शेगडीतल्या ज्योतीकडे बघून कतारचा किती, अमेरिकेचा किती आणि मुंबई हायचा किती, हे कुणाला सांगता येणार नाही. सगळं एका नळीत मिसळलेलं. त्यामुळं तिकडच्या विहिरीवर काय गळतं हा तिकडच्यांचा प्रश्न, असं म्हणून हात झटकता येत नाहीत.

हिशेब करून बघू. नैसर्गिक वायू म्हणजे बहुतांश मिथेन. शंभर किलो मिथेन नीट जाळला की २७५ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. पण न जळता हवेत सुटलेला एक किलो मिथेन, वीस वर्षांच्या हिशेबानं, सुमारे ८२ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालातला हा आकडा. आता शंभर किलो वायू शेगडीपर्यंत पोहोचवताना वाटेत सव्वातीन-साडेतीन किलो गळाला, तर त्या गळतीचा ताप आणि जाळण्याचा ताप जवळजवळ सारखा झाला. कोळशापेक्षा, लाकडापेक्षा गॅस स्वच्छ, असं आपण धरून चालतो. स्वयंपाकघरातल्या धुरापुरतं ते शंभर टक्के खरं आहे; चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायकांना ते कुणी शिकवायला नको. पण हवामानापुरतं ते खरं की खोटं, हे त्या दोन-तीन टक्क्यांवर लटकलेलं आहे. आणि ते दोन-तीन टक्के मोजलेले आहेत की टेबलातून उचललेले, यावर सगळी मदार.

टेबल म्हणजे काय ते सांगायला हवं. जमिनीवरच्या एका मध्यम-मोठ्या रिगवर साधारण तीन-चार मोठी डिझेल इंजिनं असतात, प्रत्येक हजार अश्वशक्तीच्या पुढची. त्यांच्यावर जनरेटर, जनरेटरवर मोटरी. एक मोटर पाइप वर-खाली करते, एक फिरवते, आणि सगळ्यांत जास्त ताकद खातात ते चिखलाचे पंप. भोकात सोडलेला ड्रिलिंगचा चिखल दगडाचा चुरा घेऊन वर येतो, आणि त्याच्यात विरघळलेला वायूही घेऊन येतो. तो वायू चिखलातून वेगळा काढून सोडून देतात किंवा जाळतात. आता या सगळ्यातून वर्षाला किती प्रदूषण झालं, हे कागदावर दाखवायचं असेल तर सोपी रीत अशी: इंजिनाची अश्वशक्ती घ्यायची, किती तास चाललं ते घ्यायचं, आणि पुस्तकातल्या एका ठरलेल्या गुणकानं गुणायचं. हेच ते टेबल. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं या गुणकांचं जे संकलन केलंय त्याला एपी-४२ म्हणतात. त्यातलं मोठ्या डिझेल इंजिनांचं प्रकरण १९९६ सालचं आहे. त्यातल्या गुणकांना ए पासून ई पर्यंत विश्वासार्हतेची प्रतही दिलेली असते, म्हणजे लिहिणाऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलंय की काही आकडे पक्के आहेत आणि काही आधाराला आहेत. एखाद्या विशिष्ट कारखान्याची मर्यादा ठरवायला हे वापरू नका, असंही त्या खात्याचंच सांगणं आहे. तरी जगभर वापरतात. फुकट आहे, बसल्या जागी होतं, आणि आकडा दरवेळी तोच येतो, वाद नाही.

वाद नाही कारण त्यात इंजिनच नाही.

कागलच्या पट्ट्यात इंजिनं बनतात, शिरोली आणि गोकुळ शिरगावात त्यांची ओतीव कामं होतात, उद्यमनगरात गल्लोगल्ली त्यांचे भाग टर्निंगला लागलेले असतात. त्यामुळं कोल्हापूरकराला हे फार समजावून सांगायला नको की इंजिन लोडवर वेगळं आणि रिकामं वेगळं. जनरेटरच्या इंजिनाला मान्यता देताना टेस्ट बेडवर पाच टप्प्यांत चालवतात: १००, ७५, ५०, २५ आणि १० टक्के लोड. प्रत्येक टप्प्याला वजन ठरलेलं. पूर्ण लोडला फक्त ५ टक्के वजन, अर्ध्या आणि पाव लोडला प्रत्येकी ३० टक्के. त्यातून एक सरासरी निघते आणि तो आकडा इंजिनाच्या नावावर लागतो. चाचणी म्हणून ही पद्धत वाईट नाही. दोन इंजिनांची तुलना करायला उत्तम. पण रिगवरचं इंजिन या पाच पायऱ्यांनी चालत नाही. पाइप ओढायला लागला की दोन मिनिटं पूर्ण दम, मग पाइप उभा करेपर्यंत जवळजवळ रिकामं, मग पुन्हा दम. वीज जाऊन भोकात पाइप अडकायला नको म्हणून एक इंजिन जास्तीचं चालू ठेवायची पद्धत. मग सगळीच इंजिनं कमी लोडवर रेंगाळतात. नव्या इंजिनांच्या सायलेन्सरपाशी नायट्रोजनची ऑक्साइडं मारणारी जी यंत्रणा असते, तिला गरम धूर लागतो. धूर अडीचशे अंशांच्या खाली गेला की ती जवळपास झोपते. म्हणजे ज्या वेळी इंजिन अर्धवट लोडवर कुंथत असतं नेमक्या त्या वेळी उपाय बंद. टेबलात हे कुठंच दिसत नाही.

त्यात हल्ली दुहेरी इंधनाची टूम आहे. डिझेलच्या जोडीला विहिरीवरचाच वायू इंजिनाला पाजायचा. डिझेल वाचतं, काळा धूर कमी होतो, आणि तशा जाहिरातीही होतात. खरं आहे. पण कमी लोडवर सिलिंडरमधला सगळा वायू जळत नाही. थोडा तसाच एक्झॉस्टमधून बाहेर पडतो. काळा धूर माणसाला दिसतो, मिथेन दिसत नाही. जे दिसत नाही ते कमी झालं असं सांगायला सोपं, मोजणारा नसेल तर.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर बोअरची गाडी आठवा. आपल्याकडे अपार्टमेंटच्या आवारात किंवा हातकणंगले-शिरोळकडच्या माळावर येणारी ती दोन मजली ट्रक. पुढं गाडीचं इंजिन, मागं कॉम्प्रेसरचं वेगळं इंजिन, पाइपांचा गठ्ठा, सोबत तमिळनाडूतली पोरं. तिरुचेंगोड हे या गाड्यांचं माहेर. कॉम्प्रेसर सुरू झाला की शेजारच्या घरातली ताटं वाजतात. पहिली दहा-वीस फूट माती, मग काळा पत्थर लागला की हॅमरचा आवाज बदलतो, पांढरट धूळ वर उसळते, दोरीवरचे कपडे खराब होतात आणि वरच्या मजल्यावरची काकू खिडकी आपटून बंद करते. मागच्या इंजिनाच्या नळकांड्यातून निघणारा धूर त्या धुळीतच मिसळतो. कुठला कशाचा ते कळत नाही. गाडीच्या काचेवर पीयूसीचा कागद असतो. तो गाडी चालवणाऱ्या इंजिनाचा. पीयूसीच्या टपरीत गाडी जागेवर उभी करून अॅक्सिलेटर दाबतात आणि धूर किती गडद आहे ते बघतात. नायट्रोजनची ऑक्साइडं बघत नाहीत, धुरातल्या कणांचं वजन करत नाहीत, आणि मागच्या कॉम्प्रेसरच्या इंजिनाला तर कुणी नळी लावतच नाही. सहाशे-सातशे फूट भोक पाडेपर्यंत सगळं डिझेल ज्या इंजिनात जळलं, त्याच्याबद्दल आपल्याकडे एकही आकडा नाही. तेलाचा रिग म्हणजे या गाडीचा थोरला भाऊ. गावापासून लांब, कुंपणाच्या आत.

मग खरंच जाऊन मोजलं तर काय निघतं? याची उत्तरं आता दहा-बारा वर्षांत बरीच आली आहेत, आणि ती एकाच बाजूची नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं. २०१३ साली टेक्सास विद्यापीठाच्या लोकांनी विहिरींवर प्रत्यक्ष जाऊन मोजमाप केलं, तेव्हा विहीर खोदून झाल्यावर ती सुरू करतानाची गळती सरकारी अंदाजापेक्षा बरीच कमी निघाली. कंपन्यांनी तिथं उपकरणं बसवली होती आणि ती काम करत होती. पण वायूच्या दाबावर चालणारे छोटे नियंत्रक, ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, ते अंदाजापेक्षा जास्त गळत होते. २०१८ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासानं अमेरिकेच्या तेल-वायू साखळीतली मिथेन गळती उत्पादनाच्या २.३ टक्के काढली. सरकारी यादीपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त. फरक कुठून आला? बराचसा बिघाडातून: टाकीचं झाकण उघडं राहिलेलं, व्हॉल्व्ह अडकलेला, तेल-वायू वेगळे करणारा विभाजक नीट न चालणारा. टेबल धरून चालतं की यंत्र नीट चाललंय. यंत्र नीट चालत नाही तेव्हाच तर खरी गळती होते. गळणाऱ्या जागांपैकी सर्वांत मोठ्या पाच टक्के जागांतून निम्म्याहून जास्त वायू जातो, असंही दिसून आलंय. सरासरीच्या गुणकानं अशा जागा कधी सापडायच्या? आणि २०२२ साली विमानातून ज्योतींचा धूर तपासला तेव्हा कळलं की ज्योतीत ९८ टक्के मिथेन जळतो हे जे सगळीकडं धरलं जातं, ते प्रत्यक्षात ९१ टक्क्यांच्या आसपास आहे. काही ज्योती नीट पेटत नव्हत्या, काही तर विझलेल्याच होत्या आणि वायू सरळ वर जात होता.

म्हणजे मोजल्यानं कुठं उद्योगाची बाजू बरी निघाली, कुठं वाईट. ज्यांना आपलं काम चोख असल्याची खात्री आहे त्यांनी मोजमापाला घाबरायचं कारण नाही. टेबलामुळं चांगला आणि वाईट दोघांच्या नावावर एकच आकडा लागतो, आणि त्यात फायदा होतो तो वाईटाचा.

आपल्या देशातलं उदाहरण घ्यायचं तर बाघजान. आसामात तिनसुकिया जिल्ह्यात, दिब्रू-साइखोवा राष्ट्रीय उद्यानाला आणि मागुरी बिल या पाणथळ जागेला लागून असलेल्या ऑइल इंडियाच्या पाच नंबरच्या विहिरीतून २७ मे २०२० ला वायू उसळला. ९ जूनला त्यानं पेट घेतला, कंपनीचे दोन अग्निशामक जवान गेले, हजारो लोकांना घरं सोडावी लागली, आणि आग पूर्ण विझायला नोव्हेंबर उजाडला. पेटण्याआधी तेरा दिवस तो वायू न जळता हवेत जात होता. तेल-वायूच्या विहिरींसाठीच्या आपल्या नियमांत म्हटलंय की वायू नुसता हवेत सोडायचा नाही, जाळायचा. इंजिनं ठरलेल्या मर्यादेत ठेवायची. नियम ठीकच आहेत. जनरेटरच्या इंजिनांसाठी १ जुलै २०२३ पासून, ८०० किलोवॉटपर्यंत, आणखी कडक नियम आले. पण नियम काय करायचं ते सांगतो. काय झालं ते सांगायला मोजणारा लागतो.

उपग्रह मोजतील, असं हल्ली बरेच जण म्हणतात. २०१७ साली सोडलेल्या युरोपच्या उपग्रहावरचं उपकरण मिथेनचे मोठे झोत पकडतं, हे खरं. पण त्याचा एक एक ठिपका काही किलोमीटरचा, आणि पावसाळ्यातले आपले ढग त्याला पार करता येत नाहीत. खास मिथेनसाठी मार्च २०२४ मध्ये सोडलेला मिथेनसॅट जून २०२५ मध्ये संपर्काबाहेर गेला. आकाशातून पाहणं हवंच. पण रिगवरच्या इंजिनाच्या एक्झॉस्टला नळी लावायची ती जमिनीवरूनच.

आणि नळी लावणं ही काय भानगड आहे, ते आपल्याकडच्या कुठल्याही चिमणीवर पाहायला मिळतं. नमुना घेणारा पोरगा खांद्यावर पेटी घेऊन पिंजऱ्याच्या शिडीनं वर चढतो. चिमणीला एक भोक ठेवलेलं असतं, खालच्या वळणापासून चिमणीच्या रुंदीच्या आठपट वर आणि तोंडापासून दोनपट खाली, म्हणजे धूर तिथं सरळ वाहत असतो. आधी पिटो नळी घालून धुराचा वेग बघायचा. मग त्याच वेगानं पंपानं धूर ओढायचा. जास्त जोरात ओढला तर जड कण चुकतात, हळू ओढला तर जास्तीचे घुसतात. धूर जातो एका टोपणासारख्या गाळणीत, थिंबल म्हणतात तिला. ती आधी सुकवून वजन केलेली, नंतर पुन्हा सुकवून वजन करायची. फरक म्हणजे धूळ. मिलिग्रॅमचा खेळ आहे. वारा, तापलेला पत्रा, गंजलेली शिडी, आणि खाली उभा असलेला मॅनेजर, "झालं का?" विचारणारा. तिथं वर, गाळणी नीट बसवायची की नाही, वेग जुळवायचा की अंदाजानं लावायचा, हे त्या पोराच्या हातात. आणि त्याच्या लॅबचं बिल देणार कोण? खाली उभा असलेला मॅनेजर.

बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर चालणाऱ्या बॉयलरला घनमीटरमागे १५० मिलिग्रॅम धुळीची मर्यादा आहे. फाउंड्रीत लोखंड वितळवायची भट्टी म्हणजे क्युपोला; तासाला तीन टनांखालच्या लहान क्युपोलाला ४५०, मोठ्याला १५०. या आकड्यांना चिकटून, अगदी एका हाताच्या अंतरावर थांबलेले रिपोर्ट कुणी पाहिले नाहीत? गुजरातेत यावर एक प्रयोगच झाला. तिथं कारखान्यांनी बाहेरच्या ऑडिटरकडून तपासणी करून घ्यायची पद्धत होती. ऑडिटर निवडायचा कारखान्यानं, पैसे द्यायचे कारखान्यानं. एस्थर डुफ्लो, ज्यांना पुढं २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, मायकल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर अहमदाबाद-सुरतच्या शेकडो कारखान्यांत वेगळी रीत लावून पाहिली. अर्ध्या कारखान्यांना ऑडिटर चिठ्ठीनं नेमला, पैसे एका सामाईक निधीतून दिले, फी ठरलेली, आणि काही नमुने दुसऱ्यानं जाऊन पुन्हा घेतले. जुन्या पद्धतीतले रिपोर्ट १५० च्या जरा खाली गर्दी करून बसलेले. खरे आकडे त्यापेक्षा बरेच वर. नव्या पद्धतीत खोटं 'मर्यादेत आहे' सांगण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी घटलं. आणि गंमत म्हणजे कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. माणसं तीच, उपकरणं तीच. बदललं ते ऑडिटर कोण नेमतो, बिल कोण देतो आणि मागून कोण तपासतो एवढंच. पुढं गुजरातनं ऑडिटर चिठ्ठीनं नेमायची पद्धत नियमातच घेतली.

रिगच्या बाबतीत जगभर अजून जुनीच पद्धत जास्त चालते. कंपनी स्वतः टेबल लावते, स्वतः मोजते किंवा स्वतःच्या पैशानं मोजून घेते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागानं २०२० साली तेल-वायू कंपन्यांसाठी पाच पायऱ्यांची चौकट आणली. खालच्या पायऱ्यांवर गुणक, वरच्या दोनवर प्रत्यक्ष मोजमाप आणि त्याची जागेवरून पडताळणी. २०२४ साली युरोपीय संघानं मिथेनचा कायदा केला, त्यात गळती शोधून दुरुस्त करणं सक्तीचं आहे आणि बाहेरून येणाऱ्या वायूचंही मोजमाप मागितलंय. कुणी म्हणेल, युरोपचे चोचले. पण तेच जहाज ज्या देशात उतरायचं तो देश मोजमाप मागतो, आणि दाभोळला उतरायचं असेल तर कुणी मागत नाही, असं झालं तर गळका वायू कुठं येईल हे सांगायला तज्ज्ञ नको.

यावर हरकती आहेत, आणि त्या पोकळ नाहीत. पहिली खर्चाची. रिग दर काही आठवड्यांनी जागा बदलतो. प्रत्येक ठिकाणी उपकरणं घेऊन माणसं पाठवायची तर पैसे लागतात. पण एका विहिरीवर होणारा खर्च कोटींत जातो, आणि इंजिनावर इंधनाचा मीटर आणि लोडची नोंद ठेवणारी डबी बसवायला त्याचा कणभरही लागत नाही. त्यानं निम्मं काम होतं. उरलेल्यासाठी फिरतं उपकरण अचानक पाठवायचं. दुसरी हरकत, की मोजमापातही चूक असतेच. असते. गळती शोधणाऱ्या कॅमेऱ्याला वाऱ्यात दिसत नाही, विमानाचा आकडा एका दिवसाचा असतो. पण चुकीचा अंदाज आणि चूक सांगणारं मोजमाप यात फरक आहे. मोजमापाची चूक पुढच्या वेळी कमी करता येते. तिसरी हरकत मला जास्त टोचते: मोठ्यांचं राहिलं बाजूला, याचा फास शेवटी शिरोलीच्या पाच माणसांच्या फाउंड्रीला बसणार. मोठी कंपनी एक माणूस नेमेल आणि कागद तयार करेल. इथला मालक क्युपोला लावायचा, बँकेत जायचा की चिमणीला भोक पाडायचं, यातच संपेल. आपल्याकडे हे आधी झालेलं आहे, म्हणून ही भीती खोटी नाही. पण गुजरातेतल्या सामाईक निधीचा मोठा फायदा लहानालाच आहे. आज लहान मालक लॅबला वेगळा भाव देतो आणि मोठा वेगळा. निधी झाला की फी ठरलेली आणि मालकाच्या डोक्यावरचा लॅब शोधायचा व्याप गेला.

कोल्हापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांच्या यादीत आहे, म्हणजे आपली हवा मर्यादेत नाही हे केंद्रानंच सांगितलंय. महाद्वार रोड, रुईकर कॉलनी, विद्यापीठाचा परिसर, इथं हवेचे नमुने वर्षानुवर्षं घेतले जात आहेत आणि त्या कामात शिवाजी विद्यापीठाची माणसं आहेत. २०१४ साली साखर कारखान्यांसह मोठ्या प्रदूषकांच्या चिमण्यांना सतत मोजणारी उपकरणं बसवायला सांगण्यात आलं. ती उपकरणं कारखान्याच्या मालकीची, दुरुस्ती त्यांच्या माणसाची. २०१७ पासून राज्याच्या मंडळानं उद्योगांना धुळीवरून तारे द्यायला सुरुवात केली, ते लोकांना पाहता येतात. हे सगळं चांगलं आहे. अपुरं आहे ते एकाच ठिकाणी: आकडा कुणाच्या पैशानं आणि कुणाच्या माणसानं काढला, तिथं.

म्हणून मला दोन गोष्टी मागायच्या आहेत, आणि दोन्ही एकाच जातीच्या आहेत. एक गेल आणि बाकी सरकारी कंपन्यांनी करायची. नवा द्रवरूप वायू घ्यायचा करार करताना विहिरीपासून जहाजापर्यंतची गळती प्रत्यक्ष मोजलेली मागायची, मोजणारा विकणाऱ्यानं नेमलेला नसावा हेही लिहून घ्यायचं, आणि आकडे लपवायचे नाहीत. वीस वीस वर्षांचे करार करतो आपण; भाव ठरवताना घासाघीस होते तशी याचीही होऊ शकते. देशातल्या रिगना हीच अट तेल-वायूची लायसन्स देतानाच लावता येईल. दुसरी गोष्ट इथं, जिल्ह्यातच. विद्यापीठ आणि आपली इंजिनिअरिंग कॉलेजं यांनी नमुने घेणारी पथकं तयार करावीत. मुलांना शिडीवर चढवून हातात पिटो नळी द्यावी, रिगवर लागेल तीच विद्या आहे ती, आणि आसाम-गुजरातेत त्याला नोकरी आहे. कारखान्यांनी, मोठ्या जनरेटरवाल्यांनी आणि बोअरच्या गाडीवाल्यांनीही ठरलेली फी मंडळाकडे भरावी. चिठ्ठी मंडळानं काढावी. चिमणीवर आज कुठल्या लॅबचा माणूस चढणार, हे मॅनेजरला गाडी गेटवर आल्यावरच कळावं.